आपली साक्ष आपणच

इ. स. १८८० मध्यें फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडितानें ‘माइंड’ नामक नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. त्याची सामग्री त्यानें मोठ्या चमत्कारिक रीतीनें जमविली होती. ओळखीच्या विद्वान् गृहस्थांकडे त्यानें एक प्रश्नपत्र धाडलें आणि त्यांत अशी विनंती केली कीं, आज सकाळीं ज्या मेजावर आपण न्याहरी केली तें मेज मनांत आठवावें, आणि तें चित्र स्पष्ट दिसतें कीं अंधुक, त्यांतील रंग खरे वाटतात कीं नाहीं, हें लिहून कळवावें. पुष्कळ शास्त्रज्ञांनीं उलट असें कळविलें कीं, मनापुढें चित्र उभें राहणें हा केवळ एक वाक्प्रचार आहे. खरोखर कांहीं दिसतें असें समजणें ही भ्रांति होय. इतर समाजांत चौकशी केली तेव्हां कित्येक पुरुषांनीं, त्यांहून अधिक स्त्रियांनीं आणि मुलामुलींनीं सांगितलें कीं, चित्र अगदीं लख्ख दिसतें. म्हणजे ज्यांना दिसत नव्हतें त्यांना, कोणालाच दिसत नसावें असें वाटत होतें. आणि ज्यांना दिसत होतें त्यांना, सर्वांना दिसतच असणार याविषयीं शंका नव्हती. शेजारच्याचें मन आपल्याहून निराळें चालतें ही गोष्ट कागदावर प्रश्न येईपर्यंत दोघांपैकीं कोणालाहि ठाऊक नव्हती.

प्रौढ मनुष्याच्या हातीं कांहीं विधानें छापलेला कागद द्यावयाचा, प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडतें हें त्याच्याकडूनच लिहून घ्यावयाचें, आणि त्या उत्तरांच्या बेरजेवरून त्याच्या ठिकाणीं स्वमग्नतेचीं (वैद्यक ज्याला ऑटिझम म्हणतें तिचीं) लक्षणें किती आहेत याचा अंदाज बांधावयाचा, ही पद्धति गेल्या पंचवीस वर्षांत सर्वत्र रूढ झाली आहे. तिचा इतिहास सांगतांना आम्हीं गाल्टनपासून आरंभ केला याचें कारण हेंच कीं, या पद्धतीचें सर्व बळ आणि सर्व दौर्बल्य त्या न्याहरीच्या मेजावर प्रथमच मांडलें गेलें. मनुष्याला त्याच्याविषयीं विचारलें असतां दुसऱ्या कोणालाहि न कळणारी गोष्ट तो सांगूं शकतो. परंतु ती गोष्ट इतरांहून वेगळी आहे कीं नाहीं, हें मात्र त्याला एकट्याला कळणें कठीण.

गाल्टननें वर्णनें जमविलीं. बेरजेची युक्ति पुढें युद्धानें आणली. १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली तेव्हां, तोफांच्या भडिमारापुढें ज्यांचें मन ढांसळेल असे रंगरूट आधींच वेचून काढतां यावे, अशी निकड उत्पन्न झाली. लाखों तरुणांची मुलाखत घेण्याइतके मनोवैद्य कोठून आणावयाचे? कोलंबिया विद्यापीठाचे प्रो. रॉबर्ट वुडवर्थ यांनीं यावर तोड काढली ती अशी कीं, मुलाखतींत जे प्रश्न वैद्य विचारतो तेच छापून काढावे आणि उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच घ्यावें. त्यांच्या कागदावर ११६ प्रश्न होते. प्रतिकूल उत्तरें मोजावीं आणि संख्या मोठी भरली तर तेवढ्याच इसमास वैद्यापुढें उभें करावें, अशी योजना होती. कागद तयार होईपर्यंत युद्धच संपलें आणि सैन्यांत त्याचा उपयोग राहून गेला; पण बेरजेची युक्ति मागें उरली. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. वुडवर्थची बेरीज हा निवाडा नव्हता. ती केवळ देवडीवरची तपासणी होती. निवाडा आंत बसलेल्या माणसानें करावयाचा होता. पुढील शंभर वर्षांत देवडी आणि न्यायासन यांची किती वेळां गल्लत झाली तें पुढें येईलच.

आतां दुसरा धागा. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांचा. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून त्यांनीं तो बनविला, आणि १९११ च्या आपल्या ग्रंथांत चित्तभ्रमाच्या रोग्यांची जगापासून तुटून आंत ओढलें जाण्याची जी वृत्ति, तिला तो लावला. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचीं वृत्तें प्रसिद्ध केलीं. त्यांत आठ मुलगे होते व तीन मुली. हीं मुलें चित्तभ्रमाचीं नव्हेत, यांचा प्रकारच निराळा, असें दाखवितांना कॅनर यांनीं हाच उसना शब्द वापरला. अकरांपैकीं पहिल्या मुलाच्या वडिलांनीं मुलाला आणण्यापूर्वीं त्याच्याविषयीं तेहतीस पानांचें पत्र डॉक्टरांना लिहिलें होतें. मुलगा काय खातो, काय पाठ म्हणतो, कोणती वस्तु फिरवीत बसतो, लोकांकडे कसा दुर्लक्ष करतो, याची बारकाईनें केलेली ती नोंद होती, आणि कॅनर यांच्या निबंधांत ती उतरली आहे. स्वमग्नतेच्या शास्त्राचा पाया, असें म्हणतां येईल, त्या पत्रावर घातला गेला. मायेनें लिहिलेलें, खरें लिहिलेलें, पण दुसऱ्यानें लिहिलेलें.

हें स्वाभाविकच होतें. मुलें लहान, त्यांपैकीं कांहीं बोलत नसत, विचारावयाचें तरी कोणाला? तथापि पुढेंहि, मुलें मोठीं झालीं तरी, विचारण्याची पद्धत पडली नाहीं. १९४४ सालीं व्हिएन्नाचे डॉ. हान्स आस्पर्गर यांनीं चार मुलांचीं वृत्तें लिहिलीं. त्यांचीं मुलें बोलकीं होतीं, आपल्या विषयांत तरबेज होतीं. पण तेथेंहि डॉक्टरांचें पाहणें आहे, मुलांचें सांगणें नाहीं. दुसऱ्यानें मोजावयाचें आणि एकानें मोजून घ्यावयाचें या व्यवहारांत मोजणाऱ्याच्या हातीं किती सत्ता एकवटते, याचें भयंकर उदाहरण त्याच शहरांत त्याच वेळीं घडत होतें. ‘अम् श्पीगेलग्रुंड’ या व्हिएन्नांतील संस्थेंत नाझी अमदानींत अपंग मुलें ठार केलीं जात. तेथें मुलें पाठविण्यांत आस्पर्गर यांचाहि हात होता, याचे कागदोपत्रीं पुरावे हेर्विग चेक या इतिहासकारानें २०१८ मध्यें पुढें आणले.

आस्पर्गर यांचा निबंध जर्मन भाषेंत असल्यामुळें इंग्रजी जगांत तो फारसा कोणी वाचला नाहीं. १९८१ मध्यें लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग यांनीं त्याची ओळख करून दिली. विंगबाई स्वतः एका स्वमग्न मुलीची आई. ज्युडिथ गूल्ड यांच्या सहकार्यानें लंडनच्या कँबरवेल भागांतील मुलांची पाहणी करून त्यांनीं १९७९ मध्येंच दाखविलें होतें कीं, कॅनरच्या चौकटींत तंतोतंत न बसणारीं पण त्याच जातीचीं लक्षणें असलेलीं मुलें पुष्कळ आहेत. रोग आहे कीं नाहीं, असा हा प्रकार नसून, इंद्रधनुष्याप्रमाणें एका रंगांतून दुसऱ्यांत हळूहळू सरकत जाणारा पट्टा आहे, ही कल्पना मुख्यतः त्यांची. आणि पट्टा म्हटला कीं, मी त्यावर नेमका कोठें, हा प्रश्न आलाच.

त्याच सुमारास मुलें, जीं आतां मुलें राहिलीं नव्हतीं, स्वतः लिहूं लागलीं. अमेरिकेंतील टेंपल ग्रँडिन यांचें आत्मवृत्त १९८६ सालीं निघालें आणि ऑस्ट्रेलियांतील डॉना विल्यम्स यांचें १९९२ सालीं. या ग्रंथांनीं मोठी खळबळ उडविली, कारण तेव्हां विद्वानांत प्रबळ असलेलें मत या ग्रंथांच्या अस्तित्वाशींच विसंगत होतें. १९८५ मध्यें सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनीं लंडनला वीस स्वमग्न मुलांपुढें बाहुल्यांचा एक लहानसा खेळ मांडला होता. एका बाहुलीनें ठेवलेला गोळा तिच्या मागें दुसरी हलविते. परत आल्यावर पहिली तो कोठें शोधील? वीसांपैकीं सोळा मुलांचें उत्तर चुकलें. त्यावरून सिद्धान्त निघाला कीं, स्वमग्न मनुष्याला मन म्हणून कांहीं असतें याचा बोधच अपुरा असतो. दुसऱ्याचें मन त्याला वाचतां येत नाहीं, आणि पुढें कित्येकांनीं त्यांत भर घातली कीं स्वतःचेंहि नाहीं.

हें सर्व सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, सोळा वर्षांनीं प्रौढांच्या हातीं स्वतःविषयींची प्रश्नावली देणारे गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नसून हेच बॅरन-कोहेन होत. २००१ सालीं केंब्रिज येथें त्यांनीं आपल्या चार सहकाऱ्यांसह जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तींत पन्नास विधानें आहेत. दहा विधानें लोकांत मिसळण्याविषयीं, दहा संभाषणाविषयीं, दहा कल्पनाशक्तीविषयीं, दहा लक्ष एकीकडून दुसरीकडे वळविण्याविषयीं आणि दहा बारीकसारीक तपशिलावर नजर जाण्याविषयीं. प्रत्येकापुढें चार घरें: पूर्ण सहमत, थोडा सहमत, थोडा असहमत, पूर्ण असहमत. सुमारें निम्म्या विधानांत ‘सहमत’ म्हणण्यानें गुण मिळतो आणि उरलेल्यांत ‘असहमत’ म्हणण्यानें, म्हणजे डोळे मिटून एकाच रांगेंत खुणा करीत जाणाऱ्याला कांहीं साधत नाहीं. गंमत अशी कीं, गुण देतांना ‘पूर्ण’ आणि ‘थोडा’ यांत कांहींच भेद करीत नाहींत. दोहोंला एकच गुण. उत्तर देणारा पेन्सिल हातांत धरून या दोन घरांमध्यें पांच-पांच मिनिटें घुटमळतो, आणि त्याचें तें घुटमळणें बेरजेंत कोठेंच येत नाहीं.

ही प्रश्नावली पूर्वीं निदान झालेल्या अठ्ठावन प्रौढांना देण्यांत आली. त्यांत ४५ पुरुष होते आणि १३ स्त्रिया. तुलनेसाठीं सामान्य नागरिकांतून वाटेल तसे निवडलेले १७४ जण घेतले. शिवाय केंब्रिजचे ८४० विद्यार्थी, आणि गणिताच्या ऑलिंपियाडमध्यें चमकलेलीं सोळा मुलें. निदान झालेल्यांची सरासरी ३५.८ आली आणि सामान्यांची १६.४. ३२ किंवा अधिक गुण मिळविणारे पहिल्या वर्गांत शेंकडा ८० होते. दुसऱ्यांत शेंकडा २. विद्यार्थ्यांपैकीं शास्त्रशाखेचे, विशेषतः गणिताचे, वाङ्मयशाखेच्या विद्यार्थ्यांहून वर निघाले. बत्तीस हा आंकडा तेव्हांपासून प्रसिद्धि पावला.

आमच्या मतें मात्र त्या निबंधांतील खरी महत्त्वाची गोष्ट बत्तीस ही नव्हेच. ती अशी कीं, साक्षीदार विश्वसनीय ठरला. ज्यांना स्वतःचें मन कळत नाहीं असें एक तप विद्वान् सांगत आले होते, त्यांनींच स्वतःविषयीं जें लिहून दिलें तें निदानाशीं जुळलें. आणि त्यांच्या आईवडिलांना तेच प्रश्न विचारून पाहिले तेव्हां दोन्ही उत्तरांत अंतर थोडेंच पडलें. आपल्याच सिद्धान्ताला आपल्याच हातानें लागलेला हा धक्का लेखकांनीं फारसा बोलून दाखविलेला नाहीं. न्यायाधीशानें ज्याला साक्षीला अपात्र म्हटलें होतें त्यालाच पिंजऱ्यांत बोलावलें, साक्ष ग्राह्य धरली, आणि पूर्वीचा निकाल मात्र तसाच ठेवला, असा कांहींसा हा प्रकार आहे.

पण त्यांना हें कळलें कसें? आम्हीं ही प्रश्नावली एका रविवारीं दुपारीं घरीं सोडवून पाहिली, तेव्हां त्याचा कांहीं उलगडा झाला. एका विधानाचा आशय असा: आपल्याला आपलें बोलणें सभ्य वाटत असतां इतर लोक आपल्याला उद्धट म्हणतात. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें असहमतीच्या घरांत खूण केली. धाकटी बहीण शेजारींच भाजी निवडीत बसली होती. तिनें कागद वाचला, आमच्या हातांतील पेन्सिल काढून घेतली, आणि गेल्या गणपतींत आम्हीं मामांना काय म्हटलें होतें त्याची आठवण दिली. खूण बदलली. म्हणजे असल्या विधानाचें उत्तर मनुष्य स्वतःच्या अंतरंगांत डोकावून देतच नाहीं. आजवर त्याला लोकांनीं काय काय ऐकविलें त्याची उजळणी करून देतो. ज्या प्रौढांची सरासरी ३५.८ आली, त्यांनीं आपला उद्धटपणा, एककल्लीपणा, तुटकपणा आरशांत पाहून शोधला नव्हता. शाळेंतल्या मास्तरांनीं, कचेरींतल्या वरिष्ठांनीं, लग्नकार्यांतल्या नातेवाइकांनीं तो वर्षानुवर्षें त्यांच्या पदरांत घातला होता. तेव्हां कागदावर आत्मनिवेदन म्हणून जें येतें त्यांत निम्मा आवाज इतरांचा असतो. ज्याला बोलून दाखविणारें कोणी भेटलें नाहीं, किंवा ज्याच्या घरीं सारेच त्याच्यासारखे, त्याचे गुण आपोआप कमी भरणार. गाल्टनचे शास्त्रज्ञ पुन्हा न्याहरीला बसले ते असे.

प्रश्नावली निबंधांत राहिली असती तर एवढें सारें बिघडलें नसतें. लेखकांनीं स्पष्टच म्हटलें होतें कीं हें निदानाचें साधन नव्हे. परंतु त्याच वर्षीं डिसेंबरांत ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकानें ती छापली आणि ती घरोघर गेली. पुढें एका ब्रिटिश दूरचित्रवाहिनीच्या द्वारें साडेचार लाखांवर लोकांनीं ती सोडविली. त्यांचे आंकडे २०१५ मध्यें प्रसिद्ध झाले. देवडीवरची तपासणी अशा रीतीनें चव्हाट्यावर आली, आणि बत्तीसच्या वर गुण मिळालेल्या माणसानें दुसऱ्या दिवसापासून स्वतःला काय समजावें हें सांगणारा आंत कोणी बसलेलाच नव्हता.

येथें थोडा हिशेब करणें प्राप्त आहे. इंग्लंडांत २००७ सालीं सरकारी आरोग्यपाहणींत ७,४६१ प्रौढांना याच प्रश्नावलीचा वीस विधानांचा संक्षेप देण्यांत आला, आणि त्यांतील निवडक लोकांस तज्ज्ञांनीं प्रत्यक्ष तपासलें. टेरी ब्रुघा व त्यांचे सहकारी यांनीं २०११ मध्यें निष्कर्ष दिला कीं, हजारीं ९.८ प्रौढ स्वमग्न आहेत, आणि ज्यांना हें ठाऊक नाहीं असेच त्यांत बहुतेक. ठोकळ मानानें हजारांत दहा धरूं. दहांपैकीं शेंकडा ८० म्हणजे आठ जण बत्तीसच्या वर जातील. उरले ९९०, त्यांपैकीं शेंकडा २ म्हणजे वीस जण वर जातील. बत्तीसच्या वर गेलेल्या अठ्ठावीस जणांत स्वमग्न आठ आणि इतर वीस! मूळ निबंधांतील एकहि आंकडा खोटा नसतां, चव्हाट्यावर त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. दवाखान्यांत गेलों तर चूक दुसऱ्या दिशेनें होते. तेथें येणारे लोक आधींच वैद्यानें संशयावरून पाठविलेले असतात. कॅरेन ॲशवुड आदि संशोधकांनीं २०१६ मध्यें इंग्लंडांतील एका राष्ट्रीय निदानकेंद्रांत आलेल्या ४७६ प्रौढांची कागदपत्रें तपासलीं, तेव्हां असें आढळलें कीं, ज्यांचे गुण मर्यादेच्या खालीं होते त्यांपैकींहि शेंकडा ६४ जण पूर्ण तपासणीअंतीं स्वमग्न ठरले. उलटपक्षीं नुसत्या चिंतारोगानेंहि गुण फुगूं शकतात, असा संशय त्यांनीं व्यक्त केला.

हा सारा वाद पंडितांचा राहिला असता. पण मध्यंतरीं इंग्लंडांत स्वमग्न प्रौढांसाठीं २००९ चा कायदा झाला, आणि कोणाला तज्ज्ञाकडे पाठवावें याचा सरळ निकष हवा झाला. २०१२ मध्यें पन्नासांतून निवडून दहाच विधानांची चिमुकली प्रश्नावली तयार करण्यांत आली. तिच्या कर्त्यांनीं मर्यादा सांगितली ती सहा: सहा किंवा अधिक गुण मिळाले तर पुढें पाठवावें. त्याच वर्षीं ‘नाइस’ या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक सरकारी मंडळानें वैद्यांना मार्गदर्शन केलें, त्यांत ‘सहाच्या वर’ असे शब्द पडले. सहा किंवा अधिक, आणि सहाच्या वर. कागदावर हा फरक नखाएवढा. पण नेमके सहा गुण मिळालेल्या मनुष्याला एका वाक्यानें दार उघडतें आणि दुसऱ्यानें बंद होतें. ही चूक २०२१ पर्यंत तशीच राहिली. त्या वर्षीं लूसी वॉल्ड्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘लॅन्सेट सायकायट्री’ पत्रांत ती दाखवून दिली आणि मग दुरुस्ती झाली. नऊ वर्षें! या नऊ वर्षांत किती माणसें नेमक्या सहा गुणांनिशीं दवाखान्याच्या पायऱ्या उतरलीं असतील, हें कोणी मोजलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. चाळिशींत आलेला मनुष्य, आजन्म आपलें कांहीं तरी चुकतें आहे या जाणिवेनें खंगलेला, मोठ्या धीरानें वैद्याकडे जातो, दहा खुणा करतो, आणि ‘आपलें तसें कांहीं नाहीं’ एवढें ऐकून घरीं परततो. यापुढें तो दुसऱ्यांदा विचारावयास जाईल काय?

दुसऱ्या प्रश्नावल्याहि झाल्या. त्या सर्वांचा परामर्श येथें घेण्याचें कारण नाहीं. पण दोन उल्लेखनीय आहेत. अमेरिकेंत रीव्हा रिट्व्हो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ मध्यें ऐंशी विधानांची प्रश्नावली सुधारून प्रसिद्ध केली. तिचें वैशिष्ट्य उत्तरांच्या घरांत आहे. ‘आतांहि खरें आणि लहानपणींहि खरें’, ‘आतांच खरें’, ‘सोळाव्या वर्षापूर्वींच खरें’, ‘कधींच खरें नाहीं’, अशीं तीं चार घरें. काळाचा विचार करणारी ही योजना आम्हांस फार आवडली. स्वमग्नता जन्माची सोबतीण असते, तेव्हां गोष्ट कधींपासूनची आहे हें विचारलेंच पाहिजे. कर्त्यांची अपेक्षा अशी कीं, कागद वैद्याच्या समक्ष भरावा, म्हणजे शंका तेथल्या तेथें फिटतील. त्यांच्या पहिल्या प्रयोगांत स्वमग्न नसलेला एकहि मनुष्य मर्यादेवर गेला नाहीं. दहा वर्षांनीं, २०२१ मध्यें, इंग्लंडांतील एका चिकित्सालयांत तीच प्रश्नावली तपासणीपूर्वींच भरून घेतली तेव्हां तिचे गुण आणि तज्ज्ञांचें निदान यांत संबंधच आढळला नाहीं.

दुसरी लॉरा हल आणि सहकाऱ्यांची, २०१९ ची. तींत पंचवीस विधानें आहेत, आणि तीं लक्षणांविषयीं नसून लक्षणें लपविण्याविषयीं आहेत. समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणें भाग आहे असें वाटणें, इतरांचे हावभाव टिपून घेऊन वापरणें, संभाषणाचीं वाक्यें आधीं जुळवून ठेवणें, असे प्रकार. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ असें आपल्याकडे म्हणतात. पण मूठ आयुष्यभर झांकून ठेवण्याचे श्रम किती, याचा हिशेब या म्हणींत नाहीं. २००१ च्या प्रश्नावलीला हे श्रम दिसतच नाहींत. मनुष्याला चारचौघांत बोलतां येतें काय, एवढें ती विचारते. घरीं आल्यावर तो दार लावून किती वेळ अंधारांत पडून राहतो, हें विचारीत नाहीं. विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत हें फार घडतें, असें अलीकडील संशोधकांचें म्हणणें आहे. आणि पहिल्या अठ्ठावन्नांत स्त्रिया तेराच होत्या, हें येथें पुन्हा आठवतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. २००९ मध्यें आपल्याकडे चाळीस कलमांचें एक भारतीय मापन तयार झालें. पण त्यांत गुण द्यावयाचे ते तपासणाऱ्यानें, म्हणजे तें वडिलांच्या तेहतीस पानी पत्राच्याच वंशांतलें. केंब्रिजची प्रश्नावली मात्र इकडेहि आली. मेगन फ्रीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ब्रिटन, भारत आणि मलेशिया या तीन देशांतील विद्यार्थ्यांना ती देऊन २०१३ मध्यें तुलना प्रसिद्ध केली. तिन्ही ठिकाणीं पुरुषांचे गुण स्त्रियांहून आणि शास्त्रशाखेचे इतरांहून अधिक. पण एकूण गुण भारतीय व मलेशियन विद्यार्थ्यांचे ब्रिटिशांहून अधिक निघाले, आणि कल्पनाशक्तीच्या दहा विधानांत तर भारतीय विद्यार्थी सर्वांच्या पुढें गेले. येथें पुढें जाणें म्हणजे कल्पनाशक्ति कमी असणें, हें वाचकांनीं विसरूं नये! पुराणें, कीर्तनें, आजीच्या गोष्टी यांवर वाढलेल्या देशाची कल्पनाशक्ति केंब्रिजच्या तराजूंत हलकी भरली.

आमचा तर्क असा कीं, दोष तराजूचाहि नाहीं आणि मालाचाहि नाहीं. वजनें परकीं आहेत. ग्रंथालयांत जावेंसें वाटतें कीं मेजवानीला, नाटकगृह बरें कीं वस्तुसंग्रहालय, अशा धर्तीचीं विधानें त्यांत आहेत. ज्या मनुष्याचा शनिवार त्याच्या स्वतःच्या ताब्यांत असतो त्याला हा प्रश्न आवडीनिवडीचा. आमच्या लहानपणींच्या वाड्यांत, जेथें सात बिऱ्हाडें आणि एक आड, तेथें एकान्ताची निवड कोणाला विचारली जात होती? तेथें एकान्तप्रिय मुलगा माळ्यावर सांपडे, आणि त्याला ‘अभ्यासू’ म्हणत. मराठींत हीं विधानें उतरवावयाचीं तर नुसते शब्द बदलून भागणार नाहीं. मेजवानीच्या जागीं लग्नाची पंगत घालावी काय? पण पंगतीला जाणें ही आवड नसून कर्तव्य आहे. नवीन माणसें भेटण्याचा आनंद विचारावा, तर आपल्याकडे नवीन माणूस भेटला कीं पहिल्या पांच वाक्यांत त्याचें गांव, आडनांव आणि मामाचें घराणें कळतें, आणि तो नवीन राहतच नाहीं. उलट, पाहुणा निघतांना उंबऱ्यावर अर्धा तास चालणाऱ्या निरोपाचा ज्याला जाच होतो, त्या मनुष्याविषयीं केंब्रिजच्या पन्नास विधानांत एकहि विधान नाहीं.

आणि सर्वांत आधीं कागदाच्या माथ्यावरच्या नांवाची अडचण आहे. आपल्या भाषेंत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि ब्लॉयलरच्या ग्रीक शब्दाला तो प्रामाणिकहि आहे. ‘मग्न’ हा कांहीं वाईट शब्द नव्हे. ध्यानमग्न, कार्यमग्न यांच्या पंक्तींत तो बसतो. खोडा ‘स्व’ मध्यें आहे. त्या पन्नास विधानांतील तपशिलाविषयींचीं दहा पुन्हा वाचून पाहावीं. इतरांना ऐकूं न येणारे बारीक आवाज ऐकूं येणें, वाहनांच्या पाट्यांवरील आंकडे आपोआप टिपले जाणें, तारखांचें वेड, वस्तूंतील आकृतिबंध सदैव दिसणें. यांत स्वतःमध्यें बुडणें कोठें आहे? हा मनुष्य तर बाहेरच्या जगांत, आणि तेंहि इतरांच्या दृष्टीस न पडणाऱ्या कोपऱ्यांत, गळ्यापर्यंत बुडालेला आहे. त्याच्या हातीं कागद देऊन त्यावर ठळक अक्षरांत तो स्वतःमध्यें बुडाला आहे काय असें छापणें, म्हणजे साक्षीदाराच्या तोंडीं उत्तर घालण्यासारखें झालें. मराठी प्रत काढणाऱ्यांनीं आम्हांस विचारलें, तर कागदाचा तेवढा भाग आम्ही कोराच सोडूं.